धोंडुबाईची पात

मागच्या जुलैत आम्ही सात बायकांनी मिळून एका म्हातारीचे सात दिवस खाल्ले. पैसे खाल्ले असते तर पोलीस पाटील आला असता, चावडीत चार माणसं बसली असती आणि शिव्याशाप होऊन विषय मिटला असता. दिवस खाल्ले तर तक्रार कुठं करायची? त्याला ना पावती, ना साक्षीदार. म्हणून हे लिहायला बसले आहे. मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

आमचं गाव आजऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून. डोंगरापलीकडं कोकण, आणि तिथला सगळा पाऊस आधी आमच्या डोक्यावर पडतो. कोल्हापूरकडची माणसं म्हणजे ऊस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्याकडं येऊन बघावं. आमच्याकडं भात. उतरणीवर एकाखाली एक बांध घातलेली लहान लहान वावरं, गुडघाभर चिखल आणि घनसाळ तांदूळ, ज्याचा वास पुण्यातल्या दुकानात फार महाग असतो म्हणे. आमच्याकडं तो वास फुकट आहे.

आमची रोपलावण पैऱ्यानं होते. आज आठ बायका माझ्या वावरात, उद्या त्याच आठ मेहमुदाच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही. जिचं वावर तिनं दुपारची भाकरी घालायची, एवढंच. तू माझ्यासाठी एक दिवस वाकलीस की मी तुझ्यासाठी एक दिवस वाकायचं. गडीमाणसं पॉवर टिलरनं चिखल करून देतात आणि बांधावर चढतात, ती लावणी संपेपर्यंत खाली उतरत नाहीत. रोप लावणं हे बाईचं काम. हे कुणी ठरवलं विचारलं तर म्हणतात, पहिल्यापासून आहे. पहिल्यापासून कंबरदुखीसुद्धा बाईचीच आहे.

आमच्या आठ जणींत धोंडुबाई सगळ्यांत थोरली, सत्तरीला टेकलेली. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर, दोन पाळ्या करतो आणि गणपतीला चार दिवस येतो. म्हातारीचं तीस गुंठ्याचं एकच वावर, सगळ्यांच्या खाली, ओढ्याला लागून. त्याच तांदळावर तिचं वर्ष निघायचं आणि त्यातलंच एक पोतं इचलकरंजीला जायचं. मी तिला आत्ती म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा रोप धरायला मला तिनंच शिकवलं. मी कोडोलीकडची, उसातली पोर. चिखलात पाय घातला की रडायला यायचं. तिनं कधी माया केली नाही. वाकडी ओळ लागली की सरळ उपटून हातात द्यायची आणि म्हणायची, पुन्हा लाव.

लावताना प्रत्येक बाईची आपली पात असते. आठ जणी ओळीनं वाकतात आणि लावत लावत मागं सरकतात. जिच्या हाताखाली जेवढी पट्टी येते ती तिची पात. धोंडुबाई कायम डाव्या कडेला, बांधाजवळ. आम्ही उरकायच्या घाईत एका चुडात, म्हणजे एका जागी, पाच-सहा रोपं कोंबतो. ती मोजून दोन लावते, फार तर तीन. त्यामुळे वावर हिरवं झालं की लांबूनसुद्धा कळतं, ही धोंडुबाईची पात. विरळ आणि सुतात. आणि कापणीला सगळ्यांत भरलेली तीच असते.

तिचं वावर तळाला, तिथं पाणी हटत नाही. वरची वावरं मात्र पावसानं दोन दिवस ओढ दिली की तडकतात. म्हणून पैऱ्यात तिचा वार दरवर्षी शेवटी. ती थांबू शकते ना, मग थांबू दे. घरोघरी असंच असतं, ज्याला थांबता येतं त्यालाच आपण थांबायला लावतो. यंदाही तेच झालं. पहिला वार माझा, दुसरा मेहमुदाचा, असं करत सात घरांची लावण झाली. सातही दिवस म्हातारी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन आमच्या आधी चिखलात उतरलेली असायची. आठवा वार तिचा, सोमवारचा.

आणि शनिवारी विजयसिंह आला.

विजयसिंह म्हणजे तालुक्याच्या रस्त्याला नवीन निघालेल्या काजू कारखान्याचा सुपरवायझर. कोकणातून काजू येतो, इथं भाजायचा, फोडायचा, सोलायचा. त्याला सोलायला बायका हव्या होत्या. देवळाच्या कट्ट्यावर बसून त्यानं आमची नावं लिहून घेतली. दिवसाला तीनशे ऐंशी, गाडी न्यायला-आणायला दारात. "फकस्त एक हाय," तो म्हणाला, "सोमवारपासनं रोज यायचं. पयल्या महिन्यात एक खाडा जरी झाला तर जागा दुसरीला." आम्ही सातही जणींनी नावं दिली. धोंडुबाईला त्यानं विचारलंच नाही. तिच्या वयाकडं बघून पुढं सरकला.

मला ते पैसे हवे होते, खोटं कशाला बोलू. भाताचे पैसे येतात ते नवऱ्याच्या खात्यावर. अमरसिंहानं दिले तर माझे. एका बाईला चाळिसाव्या वर्षी स्वतःची चप्पल घ्यायला कारण सांगावं लागतं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी मला नावं ठेवू नयेत. गाडीत बसले याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते.

सोमवारी धोंडुबाईची लावण आहे हे आम्हाला सातही जणींना पाठ होतं. आणि आमच्यातल्या एकीनंही तिला जाऊन सांगितलं नाही. मला वाटलं मेहमुदा सांगेल, तिचं घर म्हातारीच्या भिंतीला भिंत. मेहमुदाला वाटलं मी सांगेन, मी लाडकी. बाकीच्यांना वाटलं या दोघी आहेतच की. सात तोंडं आणि एकही उघडलं नाही. एरवी आमच्या तोंडांना गावात कुलूप नसतं.

तिकडं म्हातारीनं रविवारी पैसे देऊन चिखल करून घेतला. आम्हाला सकाळी त्रास नको म्हणून दिवसभर एकटीनं सगळा तरवा, म्हणजे लावायची रोपं, उपटला, पेंढ्या बांधल्या आणि आठ जणींच्या आठ पातींना पुरतील अशा चिखलात टाकून ठेवल्या. सोमवारी साडेसहाला आमची गाडी ओढ्यावरच्या वळणावर आली तेव्हा ती वावरात उभी होती. बांधावर भाकरीची बुट्टी झाकून ठेवलेली. आठ जणींची भाकरी. मी मान पलीकडं वळवली. गाडीत सगळ्याच जणींना एकदम पलीकडचा डोंगर बघावासा वाटला.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"अनू, आज कुणीच आला न्हाईसा," ती म्हणाली. "बरी हाईसा न्हवं सगळ्याजणी?"

ती भांडली असती तर मी भांडले असते. ती आमची तब्येत विचारत होती. माझ्या बोटांना काजूच्या टरफलाचा वास येत होता, मी हात पदराखाली घेतले.

"जरा अडचण झाली, आत्ती. उद्या येतो."

"या. चिखल बसायच्या आत या. मग बोट शिरत न्हाय."

ती गेल्यावर अमरसिंह आतून म्हणाला, "उद्या येतो म्हणून कशाला सांगितलीस? गाडी साडेसहाला हाय." मी म्हटलं, तुम्ही सांगायचं होतं की मग. तो म्हणाला, "बायकांच्यात मी कशाला पडू?" ज्या दिवशी धोंडुबाई आमच्या वावरात वाकली होती त्या दिवशी मात्र हा बांधावर उभा राहून तिला ओळ दाट कर म्हणून सांगत होता.

मंगळवारी ती उभी होती. बुधवारी ती एकटीच कोपऱ्यात लावत होती, कंबरेवर एक हात ठेवून. गुरुवारी चिखलावरचं पाणी निवळलं, खालचा थर बसला. शुक्रवारी गाडीतून पेंढ्या दिसल्या, पिवळ्या पडून पाण्यात पसरलेल्या. तरवा उपटला की दोन दिवस, फार तर तीन दिवस थांबतो. नंतर ते गवत. नवीन तरवा घालायची वेळ निघून गेलेली आणि बाजारात तो मिळत नाही. म्हातारीचं वर्ष आमच्या डोळ्यांदेखत कुजलं आणि आम्ही रोज सकाळी त्याच्या कडेनं साठ रुपयांचा मोगरा माळल्यासारख्या बसून गेलो. त्या चार दिवसांत मेहमुदा एकदा मला म्हणाली, "अनू, आपुन चुकतोय गं." मी म्हटलं, मग उतर. ती उतरली नाही. मीही नाही.

शनिवारी अकराच्या सुमाराला कारखान्यात अमरसिंहाचा फोन आला.

"तुझी आत्ती खुळी झाल्या," तो ओरडत होता. "आपल्या वावरात उतरून भात उपटाल्या. उभं भात. ताबडतोब ये."

मी उठले. विजयसिंह दारात आडवा झाला. "गेटाभाईर गेलीस तर जागा गेली बघ." मी त्याला म्हटलं, ठेव तुझ्याकडं. मोठेपणा म्हणून नाही. माझं भात कुणी उपटतंय म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला होता. धोंडुबाईचं भात पाच दिवस कुजत होतं तेव्हा तो जागेवर होता, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. एका दुधाच्या टेम्पोत बसून मी गावात आले.

वावराच्या बांधावर सात-आठ गडी जमले होते. सगळे ओरडत होते आणि एकही चिखलात उतरला नव्हता. आत धोंडुबाई वाकलेली. दोन आठवड्यांमागं लावलेलं भात रुजून हिरवंगार झालं होतं, आणि ती डाव्या कडेची पात उपटत होती. फक्त तिचीच पात. चुडाच्या बुडाशी बोटं घालून, मुळं न तोडता, चिखल पाण्यात धुऊन, पेंढी बांधून बांधावर ठेवायची आणि पुढच्या चुडाला हात घालायची. शेजारची पात माझी होती. तिच्यातल्या एका पात्यालासुद्धा तिनं धक्का लावला नव्हता. जिवंत भात उपटायचं पाप आमच्याकडं कुणी करत नाही. जनावर शिरलं तरी आधी जनावर हाकतात, मग शिवी देतात.

अमरसिंहानं खिशातून पाचशेची नोट काढली आणि हात लांब केला. "आत्ती, भाईर या. तुमच्या दिवसाची मजुरी घ्या आणि मिटवा."

तिनं मान वर केली नाही. "ती नोट माझ्या वावरात लाव जा," ती म्हणाली. "फुटवा येतोय काय बघूया."

मी साडी खोचून चिखलात उतरले. संतापानं माझे कान तापले होते. "आत्ती, काय करालाईसा हे? वर्षाचं भात हाय आमचं."

"माझं न्हवतं?"

"रोपं आमची हाईत. आमच्या बियाची."

"तुझीच हाईत की. बांधावर ठेवल्यात बघ, एकबी मोडलं न्हाय. रोपं तुझी, लावणी माझी. माझी लावणी माघारी न्हेतो."

ती पहिल्यांदा ताठ झाली, कंबरेला हात लावून. ओरडली नाही. "पैरा म्हंजे उपकार न्हवं, अनू. म्हातारी हाय, हौस हाय, म्हणून आलतो व्हय मी? तू वाकशील म्हणून मी वाकलो. पाच दिस गाडी वळणावर यायची. मला वाटायचं, आज उतरतील. तू तोंड पलीकडं करून बसायचीस. काम हाय, पैसा हाय, येत न्हाय म्हणून तोंडावर सांगितली असतीस तर मी तरवा उपटला नसता. पोराला बोलावलं असतं. चार दिस तरवा जाग्यावर थांबला असता. तू उद्या येतो म्हणालीस."

मी रागानं आले होते आणि राग ठेवायला जागा सापडत नव्हती. तिच्यावर काढता येईना, विजयसिंहानं तर काही लपवलं नव्हतं. राहिले मीच.

ती पुन्हा वाकली. तिनं शेवटपर्यंत पात काढली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार हात रुंद पट्टी रिकामी झाली, खालचा काळा चिखल दिसायला लागला. मग ती बांधावर बसली आणि पाय वावरातल्या पाण्यात सोडले.

मी पेंढ्या बुट्टीत भरल्या आणि डोक्यावर घेऊन तिच्या वावरात गेले. अमरसिंह मागून विचारत होता, कुठं चाललीस, आपली रोपं कुठं न्यालीस. मी थांबले नाही. चिखल बसून घट्ट झाला होता. बोट शिरेना. मी आधी टाचेनं खळगा करायचे, मग रोप धरायचे. तासाभरात नखांच्या कडांतून रक्त यायला लागलं. धोंडुबाई येऊन बांधावर बसली. मदत केली नाही, नकोही म्हणाली नाही. पहिल्या चार ओळी झाल्यावर एवढंच म्हणाली, "चुडात पाच घालालीस. काढ. दोन घाल." मी काढली आणि पुन्हा लावली. दिवस मावळेपर्यंत मी एकटीनं एक पात लावली. उठताना पाठ सरळ होईना.

"तुझा वार फिटला," ती म्हणाली. "जा आता."

मी म्हटलं, आत्ती, मी उद्याही येते, परवाही. ती नको म्हणाली. "बाकीच्यांचं तू कशाला फेडतीस? त्यांचं मी बघतो."

रविवारी पहाटे मेहमुदानं स्वतःच आपल्या वावरातली धोंडुबाईची पात काढली आणि पेंढ्या डोक्यावर घेऊन खाली गेली. तिचा नवरा दारात उभा राहून तिला वेडी म्हणत होता. तीही दिवसभर लावत होती. म्हातारीनं तिलाही मदत केली नाही, पण दुपारी दोघींच्या मध्ये एक भाकरी ठेवलेली मी पाहिली. बाकीच्या पाच जणी आल्या नाहीत. सोमवारपासून धोंडुबाईनं एकेक वावर घेतलं. काठ्या घेऊन गडी बांधावर उभे राहिले, पण म्हातारीला अडवायचं तर चिखलात उतरावं लागतं. पाचही वावरांत तिनं आपली पात तेवढी काढली, पेंढ्या धुऊन बांधावर लावून ठेवल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत. तिथंच वाळल्या. तिचं अर्ध्याहून जास्त वावर पड राहिलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि गावात बोंब कुणाची? आमच्याच पाच जणींची. म्हातारीनं पाप केलं म्हणून.

अमरसिंह आठवडाभर माझ्या मागं लागला होता. "शेजारच्या चुडातली दोन-दोन रोपं काढ आणि ती मोकळी जागा भरून टाक. रस्त्याला वावर हाय, वंगाळ दिसतंय." मी म्हटलं, मी भरणार नाही. लाज वाटत असेल तर तुम्ही उतरा आणि भरा. तो हसला, मग चिडला, मग म्हणाला, गडीमाणसानं कधी रोप लावलंय काय. मी म्हटलं, मग राहू द्या. दोन दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला. घरात जरा शांतता मिळाली.

माझी जागा गेली. विजयसिंहानं दुसऱ्या गावची बाई घेतली. मेहमुदाची राहिली, तिनं रविवारची सुट्टी साधली म्हणून. मी तिच्यावर रागावलेली नाही.

आता सप्टेंबर आहे. भात पोटरीला आलं आहे, कणीस बाहेर पडायच्या बेतात, आणि डाव्या कडेला ती चार हातांची पट्टी तशीच उघडी आहे. रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी हळू करून विचारतात, इथंच का राहिलं लावायचं? अमरसिंह सांगतो, खेकड्यांनी खाल्लं, औंदा खेकडं लई झाल्यात. मी जवळ असले तर त्याला बोलू देत नाही.

"खेकड्यांनी न्हाय, पावणं," मी सांगते. "ती धोंडुबाईची पात हाय. आमी तिच्याकडं गेलो न्हाय, म्हणून तिनं माघारी न्हेली."